गोंधळ : एका शब्दाचा अर्थ आणि वापर

शासकीय लेखनात जे शब्द सर्वांत सैल हाताने वापरले जातात, त्यांत ‘गोंधळ’ या शब्दाचा क्रमांक बराच वर लागावा. सभेत गोंधळ झाला, वाटपाच्या वेळी गोंधळ उडाला, यादीत गोंधळ आहे, लाभार्थींनी गोंधळ घातला, सबब काम पुढे ढकलण्यात आले, अशी वाक्ये इतिवृत्तांत, अहवालांत आणि वृत्तपत्रांकडे पाठवावयाच्या टिपणांत नित्य लिहिली जातात. प्रस्तुत लेखकाने माहिती खात्याच्या नोकरीत ती स्वतः शेकड्यांनी लिहिलेली आहेत. तेव्हा पुढील विवेचनात जो दोष दाखविला आहे त्यातून लेखक सुटलेला नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

सन २०१३ चा उन्हाळा बीड जिल्ह्यातील लोकांच्या स्मरणात आहे. आदल्या वर्षीच्या पावसाने दगा दिल्यामुळे मराठवाड्यातील तलाव व विहिरी कोरड्या पडल्या, गावोगाव टँकर सुरू झाले आणि जनावरे चारा छावण्यांत गेली. त्या मे महिन्यात एका गावच्या ग्रामसभेचे इतिवृत्त पाहण्यात आले. गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. पाणीपुरवठ्याच्या विषयापुढे एकच वाक्य होते : ‘सदर विषयावर चर्चा चालू असताना महिलांनी गोंधळ घातल्याने सभा तहकूब करण्यात आली.’

योगायोगाने त्याच दिवशी त्या महिलांपैकी काहीजणी विहिरीवर भेटल्या. ‘सभेत काय झाले?’ असे विचारता त्यांतील एक वयस्क बाई म्हणाल्या, “आमी वरडलो नाही सायेब, इचारलं. पयल्यांदा हळूच इचारलं. कुणी वर मान करून बघंना, मग मोठ्यानं इचारलं.” त्यांचे प्रश्न तीन होते. टँकरच्या खेपा किती मंजूर आहेत. प्रत्यक्षात किती येतात. आणि सारे पाणी गावठाणातील विहिरीतच का ओतले जाते, वस्तीवर एक तरी खेप का येत नाही. तीनही प्रश्न सरळ, मोजता येण्याजोगे आणि सभेच्या विषयपत्रिकेतील होते. इतिवृत्तात त्यांतील एकही नव्हता. पुढे वस्तीसाठी स्वतंत्र खेपेची मागणी वर गेली, तेव्हा ग्रामसभेने तशी मागणी केली आहे काय, अशी विचारणा झाली. ती विचारणा नियमाला धरूनच होती. नोंदवहीत मागणी नव्हती, फक्त गोंधळ होता. पुन्हा सभा बोलवावी लागली, पुन्हा ठराव करावा लागला आणि तोवर मे महिना संपला. मधल्या दिवसांत वस्तीवरील बायका गावठाणापर्यंत हंडे वाहत राहिल्या.

एक शब्द तीन प्रश्न कसे गिळतो, हे समजून घ्यावयाचे तर त्या शब्दाच्या मुळाशी जावे लागते.

देवीचा गोंधळ

बीड जिल्ह्यातील वाचकाला गोंधळ म्हणजे काय हे सांगण्याचे वस्तुतः कारण नाही. दक्षिणेस तुळजापूरची भवानी, ईशान्येस माहूरची रेणुका आणि जिल्ह्याच्या हद्दीतच अंबाजोगाईची योगेश्वरी, अशा देवीपीठांच्या मध्ये हा प्रदेश वसलेला आहे. लग्न झाले, जावळ काढले, नवस फेडावयाचा झाला की अनेक घराण्यांत कुळधर्म म्हणून गोंधळ घातला जातो. ‘गोंधळ घालणे’ हा वाक्प्रयोग येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. तो निमंत्रणपत्रिकेवर छापतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

मात्र या विधीचे अंतरंग बारकाईने पाहणारे थोडे. बहुतेक पाहुणे जेवून झोपी जातात. म्हणून त्याचा क्रम येथे थोडा विस्ताराने दिला आहे.

प्रथम पाटावर किंवा चौरंगावर नवे वस्त्र अंथरून त्यावर तांदळाचा अथवा गव्हाचा चौक भरतात. मध्ये कलश, त्यावर विड्याची पाने व नारळ, भोवती सुपाऱ्या, आणि वर उसाचे अथवा ज्वारीच्या धाटांचे मखर. शेजारी दिवटी पेटवितात; तिला तेल घालण्यासाठी बुधली असते. गोंधळी सहसा चार-पाच जणांच्या मेळाने येतात. अंगात पायघोळ अंगरखा, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळी कुंकू, पायांत घुंगरू. कमरेला बांधलेले संबळ हे त्यांचे मुख्य वाद्य. ते एक नसून लहानमोठ्या आकाराच्या दोन वाद्यांची जोडी असते आणि दोहोंचा नाद वेगळा असतो. सोबतीला तुणतुणे आणि झांज. परशुरामाने बेटासुराचा वध करून त्याच्या शिरेचे तंतू ओवले, त्या वाद्यावर आपल्या मातेचे, रेणुकेचे स्तवन केले आणि त्यातून गोंधळ सुरू झाला, अशी कथा गोंधळी सांगतात. माहूरच्या परंपरेतील ते रेणुराई आणि तुळजापूरच्या परंपरेतील ते कदमराई, अशा त्यांच्या दोन शाखा प्रसिद्ध आहेत.

चौक भरून झाला की गण होतो. गणपतीच्या स्तवनानंतर नायक दूरदूरच्या देवदेवतांना नावानिशी आवाहन करतो. भवानी, रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, योगेश्वरी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, अशा प्रत्येकाला त्याच्या गावाचे नाव घेऊन बोलावणे जाते. यजमानाचे कुलदैवत आणि गावचा देव यांनाही वगळून चालत नाही. त्यानंतर देवीची स्तुतिपर पदे आणि जोगवा होतो. येथवरचा भाग पूर्वरंगाचा. उत्तररंगात नायक एखादे आख्यान लावतो. रेणुकेचे माहात्म्य, हरिश्चंद्राची कथा, द्रौपदीचे जांभूळ आख्यान ही लोकप्रिय आख्याने होत. नायक गद्यात कथा सांगतो, साथीदार मध्येच भाबडे प्रश्न विचारून तिला फाटे फोडतो, नायक ती पुन्हा मूळ धाग्यावर आणतो आणि पदाच्या शेवटी संबळ घुमते. रात्र सरत आली की दिवटीने देवीची आरती होते, ‘उदो उदो’चा गजर होतो, आणि ज्या देवतांना बोलावले त्यांना मानाने निरोप दिला जातो.

ग्रामपंचायतीच्या कारभाराशी परिचित असलेल्या वाचकांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. आधी जागेची सिद्धता, मग नावानिशी निमंत्रण, मग ठरलेल्या क्रमाने विषय, प्रश्नाला उत्तर, आणि शेवटी रीतसर समाप्ती : हे सारे एखाद्या आदर्श सभेचेच वर्णन वाटावे. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी मतदारसंख्येच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते आणि ती पुष्कळदा मिळत नाही. गोंधळात गण कधी चुकत नाही. ही तुलना थोडी विनोदाने केली आहे; पण ज्याच्या नावाने आपण अव्यवस्था ओळखतो तो मूळ विधी पराकाष्ठेचा व्यवस्थित आहे, ही वस्तुस्थिती विनोदाची नाही.

शब्दाचा प्रवास

या शब्दाचे वय बरेच मोठे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथाशी ‘गोंडली’ या नृत्यप्रकाराचे नाव निगडित आहे. पुढे काकतीय सेनापती जायसेनापती याने तेराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या ‘नृत्तरत्नावली’त त्याची हकीकत येते. कल्याणीस भूतमातेचा उत्सव चालू असताना भिल्लिणीच्या वेषातील एका स्त्रीचे गायन आणि नृत्य पाहून सोमेश्वर राजाला कौतुक वाटले आणि त्याने त्या प्रकाराला प्रतिष्ठा दिली, असा तिचा आशय आहे. आपल्या अधिक जवळचा दाखला देवगिरीचा. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात ‘गौंडली’चे विवेचन आहे. या गोंडलीशी आपल्या गोंधळाचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. म्हणजे ज्या काळी अंबाजोगाईच्या परिसरात मुकुंदराजांच्या नावाशी जोडलेली मराठी ग्रंथरचना आकार घेत होती असे आपण मानतो, त्याच्या आसपासच्या काळात या शब्दाचा पूर्वज राजसभेत शास्त्र म्हणून चर्चिला जात होता. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी गोंधळाचे रूपक करून भारुडे रचली. त्या भारुडांत गोंधळ हा भक्तीचा सोहळा आहे.

एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात मात्र दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आढळतात : देवीप्रीत्यर्थ रात्रभर चालणारा उत्सव हा पहिला, आणि गडबड, अव्यवस्था हा दुसरा, लाक्षणिक. शेजारच्या कन्नड भाषेतही ‘गोंदल’ म्हणजे घोटाळ्याची, संभ्रमाची अवस्था, आणि ‘गोंदलिगरु’ म्हणजे गोंधळी समाज. तेव्हा हा दुहेरी अर्थ एकट्या मराठीचा नाही, तो या साऱ्या मुलखाचा आहे.

पहिल्या अर्थातून दुसरा कसा निघाला असावा, हे समजण्यासाठी कोशाची गरज नाही. गोंधळाच्या रात्री शेजारच्या घरात झोपून पाहावे. चौकासमोर बसलेल्याला आवाहन, पद, आख्यान, आरती हे सारे सुटे सुटे ऐकू येते. भिंतीपलीकडे कूस बदलणाऱ्याला त्यातले शब्द कळत नाहीत. त्याच्यापर्यंत संबळाचा घणघणाट, झांजेचा खणखणाट आणि मध्येच उसळणारा गजर एवढेच पोहोचते. शब्दाचा पहिला अर्थ चौकासमोरच्या माणसाचा आहे, दुसरा भिंतीपलीकडच्या माणसाचा. भाषेच्या बाजारात दुसराच अधिक चालला.

अन्य भाषांतही असे घडलेले आहे. इंग्रजीत आरडाओरड्याच्या अव्यवस्थेला ‘बेडलॅम’ म्हणतात. लंडनमध्ये १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेहेमच्या सेंट मेरी या संस्थेत पुढे मनोरुग्ण ठेवले जात. तिच्या नावाचा हा अपभ्रंश. आतल्या माणसांची वेदना बाहेरच्यांना केवळ आवाज म्हणून ऐकू आली आणि तो आवाज शब्दकोशात गेला. आपल्याकडचा नमुना याहून बोलका आहे. मोहरमच्या मिरवणुकीत हसन आणि हुसेन यांच्या नावाने केलेला शोक गोऱ्या शिपायांच्या कानी पडला, तेव्हा त्यांनी त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले आणि कोणत्याही गलबल्याच्या उत्सवाला ते नाव देऊ लागले. १८८६ साली निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या प्रसिद्ध कोशाचे शीर्षक तेच आहे.

मराठीने तर आपल्या लोककलांना याबाबत बरेच सोसावयास लावले आहे. घरात भांडण काढणाऱ्याला आपण ‘तमाशा करू नकोस’ म्हणतो, कंटाळवाण्या लांबणीला ‘भारूड’ म्हणतो, बोंबाबोंब करणाऱ्याने ‘शिमगा’ केला असे म्हणतो, आणि खोटे वागणाऱ्याचे ते ‘नाटक’. या कला ज्यांनी जतन केल्या ते बहुतेक गावगाड्याच्या कडेला राहणारे लोक होते, आणि शब्दांचे दुय्यम अर्थ ठरविणारे लोक सहसा मध्यभागी बसलेले होते. इतिहासकाळचे कितीतरी पोवाडे गोंधळ्यांच्या मुखातून पुढील पिढ्यांस मिळाले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

घातला, उडाला, झाला

आता वापराकडे वळू. ‘गोंधळ’ हे नाम एकच असले तरी त्याला जोडलेले क्रियापद बदलले की दोषाचे माप बदलते, आणि अहवाल लिहिणाराने येथे सर्वांत अधिक जपले पाहिजे.

‘गोंधळ घातला’ म्हटले की कर्ता आला आणि कर्त्याबरोबर हेतू आला. विधीच्या संदर्भात हा कर्ता पुण्याचा धनी असतो, सभेच्या संदर्भात तो आरोपी होतो. ‘गोंधळ उडाला’ यात कर्ता नाही. काहीतरी अनपेक्षित घडले आणि माणसे भांबावली एवढेच त्यात आहे. यात्रेत वीज गेली आणि गोंधळ उडाला, हे वाक्य निर्दोष आहे. धान्यवाटपाच्या दिवशी यंत्रावर अंगठ्याचा ठसा उमटेना म्हणून रांग मोडली, तर तेथे गोंधळ उडाला. तो कार्डधारकांनी घातला नाही. ‘गोंधळ झाला’ हे सर्वांत सोयीचे वाक्य, कारण त्यात कोणाचाच दोष नाही आणि म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही. ‘गोंधळ माजला’ म्हणजे तो आवरणारे कोणी उरले नाही. ‘गोंधळ माजविला’ असे लिहिणे म्हणजे जवळजवळ फिर्याद देणे होय. वरील गावच्या इतिवृत्तात ‘घातला’च्या जागी नुसते ‘उडाला’ असते, तरी त्या महिलांच्या माथी दोष आला नसता. प्रश्नांची नोंद मात्र तेव्हाही झाली नसती.

कारण हा शब्द पुढे आणखी एक पायरी उतरला आहे. आवाजावाचूनही गोंधळ होऊ लागला. ‘कागदपत्रांचा गोंधळ’, ‘नावांचा गोंधळ’, ‘मनाचा गोंधळ’ यांत कोठेही संबळ वाजत नाही. परीक्षेत गोंधळून गेलेला मुलगा पूर्ण मुका असतो. आणि ‘सावळागोंधळ’ तर एखाद्या अत्यंत शांत कार्यालयातच उत्तम नांदतो. पंखा फिरत असतो, कोणी बोलत नसते, आणि एका अर्जाच्या तीन नोंदी तीन वह्यांत तीन प्रकारे झालेल्या असतात. शब्दाची व्याप्ती एवढी वाढली की वाचणाराला नेमके काय घडले ते कळेनासे होते : लोक ओरडले, की धावले, की चुकले, की नुसते बुचकळ्यात पडले?

मराठीत पर्यायांची वाण आहे असे नाही. अनेकांचे आवाज एकमेकांत मिसळून काही कळेनासे झाले तर तो गलका किंवा गोंगाट. दुरून येणारा आणि अखंड असतो तो कोलाहल. सभागृहातील विरोधाच्या घोषणांना वृत्तपत्रांनी गदारोळ हा शब्द रूढ केला आहे. शरीराने नासधूस झाली तर तो धुमाकूळ किंवा धिंगाणा. घाईमुळे होते ती धांदल. हिशेबात असतो तो घोळ. संकटाच्या वार्तेने पसरतो तो हाहाकार, आणि कल्लोळ हा तर मुळात संस्कृतातील लाटेचा शब्द आहे. यांतील प्रत्येक शब्द काहीतरी सांगतो. ‘गोंधळ’ बहुधा एवढेच सांगतो की लिहिणाऱ्याला तपशील द्यावयाचा नव्हता.

ग्रामीण भागात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी बोलीकडेही कान द्यावा. आपल्याकडे खेड्यात पोरे ओरडू लागली की म्हातारी माणसे ‘कालवा करू नका’ म्हणतात. सरकारी भाषेत कालवा म्हणजे पाण्याचा पाट. जायकवाडीचा उजवा कालवा या जिल्ह्यातून माजलगावच्या धरणाकडे येतो, तेव्हा पाणीवाटपाच्या बैठकीत ‘लई कालवा झाला’ असे कोणी म्हटल्यास नव्या अभियंत्याने नकाशा उघडण्याची घाई करू नये. ‘गडबड’ हा असाच शब्द. हिंदीच्या सवयीने आपण तीत काहीतरी काळेबेरे पाहतो, पण गावचा माणूस ‘गडबडीत हाय’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त घाई असते. आणखी एक जोडी या जिल्ह्याच्या विशेष परिचयाची आहे. फार्सीत ‘हंगाम’ म्हणजे वेळ, आणि त्याच घराण्यातला ‘हंगामा’ म्हणजे जमाव, दंगा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेथील सरकारी भाषा उर्दू. त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी हंगामा सहज येतो. हंगाम मात्र शेतकऱ्याने पूर्णपणे आपला केला. गळीत हंगाम जवळ आला की बीडच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात, आणि त्या काळात ‘ग्रामसभेत कोणी काही बोलले नाही’ अशी नोंद दिसली, तर बोलणारी माणसे तेव्हा गावात होती काय, हेही पाहिले पाहिजे.

वर्गातील एक प्रसंग

शिक्षकांसाठी या शब्दाची आणखी एक बाजू आहे. गोंधळी हे एका समाजाचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाच्या यादीत तो भटक्या जमाती (ब) या वर्गात मोडतो. त्या समाजातील मुलांच्या दाखल्यावर हा शब्द छापलेला असतो आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात तो त्यांना स्वतःच्या हाताने भरावा लागतो. त्याच वेळी वर्तमानपत्रांत ‘गोंधळी सदस्य’, ‘गोंधळी कार्यकर्ते’ असे मथळे येतात आणि तेथे त्याचा अर्थ दंगेखोर असा असतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत कार्यक्रमाच्या निमित्ताने बसलेलो असताना शेजारच्या वर्गात मुलांचा गलका चालला होता. गुरुजी आत आले आणि चढ्या आवाजात म्हणाले, “कोण गोंधळी आहे रे इथं?” मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्या आठवड्यात शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे चालू होते आणि त्यासाठीच आपले नाव पुकारले, असे त्याला वाटले होते. वर्ग हसला. गुरुजी भले गृहस्थ होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी मुलाला जवळ बोलावले, काहीतरी हळू बोलले आणि पाठ थोपटली. पण हसू पसरावयाचे ते पसरून गेले होते. मुलगा खाली मान घालून जागेवर गेला तो अर्ज भरण्याच्या तासालाही उठला नाही, असे त्यांनीच नंतर सांगितले. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या घरी गेले आणि वडिलांना बरोबर घेऊन अर्ज भरला.

भाषेच्या तासाला हाच विषय चांगल्या रीतीनेही घेता येतो. ‘गोंधळ’ असलेली पाच वाक्ये वर्तमानपत्रातून काढून आणण्यास सांगावे आणि तो शब्द न वापरता प्रत्यक्ष काय घडले ते मुलांकडून लिहून घ्यावे. तीन वाक्यांत तरी त्यांची पंचाईत होते, कारण बातमीतच माहिती नसते. मग आपल्या गावी गोंधळ कसा घालतात, चौकात काय काय मांडतात, कोणत्या देवांना बोलावतात, हे घरी विचारून यावयास सांगावे. ज्या मुलाच्या घरी संबळ आहे त्याला त्या दिवशी सर्वांत अधिक माहिती असते.

इतिवृत्ताचे लेखन करणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची अडचण खरी आहे. शंभर माणसे एकाच वेळी बोलू लागली म्हणजे लेखणी थांबते, आणि ‘गोंधळ’ हा शब्द तेथे आधाराला येतो. अशा वेळी दोन-तीन मिनिटे थांबून अध्यक्षांनी एकेकाला उभे करावे आणि विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. सभा खरोखरच तहकूब करावी लागली, तर कोणत्या मुद्द्यावर, कोणता प्रश्न अनुत्तरित असताना आणि किती वाजता, एवढे तरी नोंदीत असावे. वरील गावी पुन्हा घेतलेल्या सभेचे इतिवृत्त पुढे पाहावयास मिळाले. त्यात पाणीपुरवठ्याच्या विषयाखाली तीनही प्रश्न क्रमाने लिहिलेले होते आणि पहिल्या दोहोंसमोर खेपांचे आकडे होते. दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. ते जुळत नाहीत ही गोष्ट त्या दिवशी प्रथम कागदावर आली.

हा लेख लिहिण्यापूर्वी परिचयातील एका वृद्ध गोंधळ्याची गाठ घेतली. चाळीस वर्षे त्यांनी नायकाचे काम केले आहे. आता मुलगा संबळ वाजवितो आणि ते चौकाजवळ बसून चुका काढतात. आम्ही आपल्या बोलण्यात हा शब्द ज्या अर्थाने वापरतो त्याचे त्यांना वाईट वाटते काय, असे विचारले. ते म्हणाले, “त्याचं काय वाईट वाटायचं साहेब, लोक म्हणत्यातच.” मग उलट प्रश्न केला : एखाद्या रात्री साथीदार पद विसरला, तुणतुण्याची तार तुटली, माणसे मध्येच उठून गेली, सारेच फिसकटले, तर तुम्ही लोक त्याला काय म्हणता?

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “म्हणतो, आज गोंधळ झालाच नाही.”